मायावतीतला मोठा कोण?

भाचीच्या वहीत एक वेळ लाल पेनानं तीनदा गिरवलेली आहे: रात्री ९.५२. शेजारी तितक्याच रागानं लिहिलेली दुसरी वेळ आहे, १०.१४. दोन्ही वेळा मायावती नावाच्या ताऱ्याच्या ग्रहणाच्या मध्याच्या: पहिली तिनं आणि तिच्या दोन मैत्रिणींनी डोळ्यांनी काढलेली, दुसरी ग्रहणांच्या तक्त्यातली. मधे बावीस मिनिटांची फट. पुढे जे काही शिकणं झालं ते सगळं या फटीतून आत आलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो.

ती बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला. प्रकल्पासाठी विषय हवा होता आणि हाताशी दुर्बीण नव्हती. मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे असे प्रश्न घरात माझ्याकडेच येतात. म्हटलं, दुर्बीण कशाला? मायावती घे. नुसत्या डोळ्यांनी दिसते, तीन दिवसांत एकदा मंद होते, आणि त्या मंद होण्यावरून दोन ताऱ्यांबद्दल बरंच काही काढता येतं. ती म्हणाली, "मामा, दोन तारे कुठं? वर तर एकच दिसून राहिला." मुद्दा तोच होता.

मायावती म्हणजे पाश्चात्त्यांचा अलगोल, ययाती तारकासमूहातला दुसऱ्या क्रमांकाचा तारा. अरबी नावाचा अर्थ राक्षसाचं डोकं. आपल्याकडे या भागातल्या तारकासमूहांना ययाती, देवयानी, शर्मिष्ठा, वृषपर्वा अशी एकाच कथेतली नावं दिलेली आहेत, आणि ती नावं ठेवणाऱ्याला मनातून दाद द्यावीशी वाटते. कारण ययातीची गोष्ट आहे म्हातारपण आणि तारुण्य यांच्या अदलाबदलीची, आणि नेमका याच समूहातल्या या ताऱ्याच्या पोटात तसलाच व्यवहार झालेला आहे. योगायोगच. पण लक्षात ठेवायला सोपा.

नागपूरचं अक्षांश साधारण २१ अंश उत्तर आणि मायावती विषुववृत्ताच्या ४१ अंश उत्तरेला. म्हणजे ती आपल्या डोक्यावरून थोडी उत्तरेकडून, क्षितिजापासून जवळपास ७० अंश उंचीवरून जाते. डिसेंबरच्या मध्यात ती पावणेदहाच्या सुमारास सर्वांत उंच असते. कोरडी हवा, स्वच्छ आकाश, रात्री बाहेर बसता येईल इतपत थंडी. याहून चांगली सोय नाही.

घड्याळ

दोन तारे एकमेकांभोवती फिरतात आणि त्यांच्या कक्षेची पातळी जवळपास आपल्या नजरेच्या रेषेत येते. त्यामुळे ठरावीक वेळानं मंद तारा उजळ ताऱ्यासमोर येतो आणि त्याचा बराच भाग झाकतो. हे ग्रहणच, फक्त सुमारे ९० प्रकाशवर्षं दूरचं. एक फेरी २ दिवस २० तास ४९ मिनिटांची. एरवी तारा २.१ प्रतीचा असतो. ग्रहणाच्या मध्यावर तो ३.४ पर्यंत उतरतो. (प्रत म्हणजे ताऱ्याच्या उजेडाचं माप. प्रतीचा आकडा जितका मोठा तितका तारा फिका, हे मुलींना पटवायला एक अख्खी संध्याकाळ गेली.) उतरायला सुमारे पाच तास, चढायला पाच तास.

तीन दिवसांना ३ तास ११ मिनिटं कमी पडतात, त्यामुळे प्रत्येक पुढचं ग्रहण तीन रात्रींनी पण सव्वातीन तास लवकर येतं. एका शनिवारी मध्यरात्रीनंतर १.२५, मंगळवारी रात्री १०.१४, शुक्रवारी संध्याकाळी ७.०३, आणि नंतरची काही ग्रहणं उजेडात वाया. सात फेऱ्यांनी म्हणजे २० दिवस आणि पावणेदोन तासांनी पुन्हा तेच चक्र. कामवाल्या बाईंच्या सुट्ट्यांपेक्षा हे वेळापत्रक जास्त भरवशाचं, असं माझी बहीण म्हणाली.

हा नियमितपणा प्रथम नीट पकडला जॉन गुडरिक या इंग्रज मुलानं. १७८२ च्या नोव्हेंबरात, यॉर्क शहरात, वयाच्या अठराव्या वर्षी. तो बहिरा होता. शेजारी एडवर्ड पिगॉट त्याचा सोबती आणि मार्गदर्शक. पहिल्याच हिशेबात त्यानं आवर्तकाळ २ दिवस २० तास ४५ मिनिटं काढला, चारच मिनिटं चुकीचा. कारण म्हणून त्यानं दोन शक्यता सुचवल्या: एखादी काळी वस्तू ताऱ्याभोवती फिरत असावी, किंवा ताऱ्याची एक बाजू डागाळलेली असावी. १७८३ साली त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. १७८६ मध्ये, एकविसाव्या वर्षी, तो वारला. त्याच्या आधी सव्वाशे वर्षं नाही तरी शंभरेक वर्षं, बोलोन्याच्या मोंतानारीनं या ताऱ्याचं मंदावणं नोंदलं होतं, पण घड्याळ हाती आलं ते गुडरिकला.

मुलींना मी मुद्दाम सांगितलं की त्याच्याकडे जे होतं त्यापेक्षा तुमच्याकडे जास्त आहे. मोबाइलमध्ये अचूक वेळ आहे, तक्ता आहे, आणि स्वेटर बरा आहे.

मंगळवारची रात्र

शनिवारी तालीम झाली. नागपूरजवळच्या बेस्यातल्या मैत्रिणीच्या घराची गच्ची, टॉर्चवर पतंगाचा लाल कागद रबरानं बांधलेला, डोळ्यांना अंधाराची सवय मोडू नये म्हणून. रात्री अकराच्या सुमारास पहिल्यांदा आवाज आला, "अरे, हा तर खरंच कमी होऊन राहिला!" त्या दिवशी सव्वादोनला सगळ्या झोपल्या, नोंदी अर्ध्या.

मंगळवार खरा. अमावस्येचे दिवस, चंद्र नाही. अंधार पडल्यापासून पहाटे तीनपर्यंत दर वीस मिनिटांनी नोंद. पद्धत जुनीच: शेजारचे, प्रत माहीत असलेले दोन तारे घ्यायचे, एक मायावतीपेक्षा उजळ, एक फिका; आणि मायावती दोघांच्या मधे कुठे बसते याचा अंदाज करायचा. सवयीनं डोळा ०.१ प्रतीपर्यंतचा फरक ओळखतो. तीन जणींनी एकमेकींना न सांगता लिहायचं, ही अट माझी. एक जण बोलली की बाकीच्यांचे डोळे तिचंच ऐकतात.

तुलनेसाठी त्यांनी उजळ बाजूला देवयानीतला अलमाक घेतला, २.१ प्रतीचा. सोयीचा, ठळक, सापडायला सोपा. फिक्या बाजूला मायावतीपासून दोनच अंशांवरचा, ययातीतलाच ऱ्हो हा तारा. जवळ आहे, एकाच नजरेत येतो, नकाशात त्याच्यापुढे ३.४ लिहिलेलं.

आलेख काढला तेव्हा दोन गोष्टी जमल्या नाहीत. ग्रहणाचा मध्य ९.५२ ला आला, १०.१४ ला नाही. आणि सर्वांत मंद अवस्थेत मायावती ३.१ निघाली, ३.४ नाही. म्हणजे उतार १.० प्रतीचा. त्याचा अर्थ उजेडाचा ४० टक्के भाग शिल्लक राहिला. पुस्तकातल्या १.३ प्रतीच्या उतारात सुमारे ३० टक्केच राहतो. तीन जणींच्या नोंदी एकमेकींशी मात्र चांगल्या जुळत होत्या. हीच खरी काळजीची गोष्ट. तिघींचे आकडे विस्कटलेले असते तर सरासरी काढून मोकळं होता आलं असतं. तिघीही एकाच दिशेला चुकल्या होत्या.

भाचीचा पहिला तर्क होता की तक्ताच चुकीचा. माझ्या मते विद्यार्थ्यानं हा तर्क जरूर करावा, फक्त शेवटी करावा.

फट कुठून पडली

बावीसपैकी सात मिनिटांचा हिशेब लगेच लागला. ताऱ्याचे असे तक्ते बहुधा निरीक्षक सूर्यावर उभा आहे असं धरून लिहितात, कारण पृथ्वी वर्षभर इकडून तिकडे हिंडते आणि तिच्यामुळे वेळ मागेपुढे होते. डिसेंबरात पृथ्वी सूर्याच्या मायावतीकडच्या बाजूला असते. प्रकाश आपल्याकडे सूर्यापेक्षा आधी पोचतो. मंगळवारी तो सुमारे सात मिनिटं आधी पोचला. म्हणजे नागपुरात ग्रहणाचा मध्य १०.०७ ला अपेक्षित होता. उरली पंधरा मिनिटं.

ती अलमाकनं खाल्ली. अलमाक मायावतीच्या पश्चिमेला, तिच्यापेक्षा तासभर आधी मावळणारा. संध्याकाळी तो डोक्यावर होता आणि मायावती पूर्वेकडून चढत होती. मध्यरात्रीनंतर तो वायव्येला उतरत गेला. रात्री दोनला मायावती ३३ अंशांवर, अलमाक फक्त २१ अंशांवर. तारा जितका खाली, तितक्या जाड हवेतून त्याचा प्रकाश येतो आणि तितका तो फिका पडतो. हिवाळ्यातली धूळ आणि धूर धरला तर दोनच्या सुमारास हा फरक सहज पाव प्रतीपेक्षा जास्त. वर आणखी एक स्थानिक भानगड होती. बेसा शहराच्या दक्षिणेला आहे. गच्चीवरून वायव्य म्हणजे नागपूरचे दिवे. अलमाक त्या लख्ख धुक्यातच बुडत होता.

त्याचा परिणाम असा की उतरत्या बाजूला मायावती आहे त्याहून जराशी फिकी भासली, आणि चढत्या बाजूला आहे त्याहून उजळ. ती लवकर उतरली आणि लवकर सावरली. आलेखाचा तळ आपोआप डावीकडे सरकला. मायावतीचं काही चुकलं नव्हतं. पट्टीच आकसत चालली होती आणि मोजणाऱ्याचं लक्ष कापडावर.

खोलीची चूक वेगळ्या वाटेनं आली. ऱ्हो हा स्वतःच बदलणारा तारा आहे. थंड, लाल, कधी ३.३ तर कधी ४.० प्रतीचा, त्याला स्वतःचं वेळापत्रकही धड नाही. त्या आठवड्यात तो ३.४ हून बराच फिका असणार. मुलींनी मायावती ऱ्होपेक्षा ०.३ नं उजळ ठरवली आणि ३.४ मधून वजाबाकी केली. वजाबाकी बरोबर, ३.४ चूक. शिवाय लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिलं की तो आणखी उजळ वाटू लागतो, ही डोळ्याची जुनी खोड. रंगानं निळसर असलेल्या मायावतीची लाल ताऱ्याशी तुलना करणं हेच मुळात धोक्याचं.

इथे माझीही चूक आहे, ती लिहिली पाहिजे. नकाशा मी दिला होता. ऱ्होची कीर्ती मला माहीत होती. "मुली आपणहून शोधतील" असं मी स्वतःला सांगितलं, पण खरं सांगायचं तर माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं.

दुसरा डाव

पुढचं सोयीचं ग्रहण २३ दिवसांनी, जानेवारीतल्या एका गुरुवारी, रात्री ८.४६ चं. याची मजा अशी की त्या दिवसांत मायावती सव्वाआठलाच सर्वांत उंच असते. ग्रहणाचा मध्य जवळपास माथ्यावर, उतार आणि चढ दोन्ही बाजूंना सारख्या उंचीवर. हवेची चूक दोन्हीकडून जवळपास सारखी, म्हणजे मध्याच्या वेळेपुरती कटून जाणारी. पृथ्वीची दुरुस्ती आता पाचेक मिनिटांची, त्यामुळे अपेक्षित वेळ ८.४१. तुलनेचे तारे बदलले: उजळ टोकाला अलमाक, पण तो उंच असेपर्यंतच, मधे ययातीतलाच एप्सिलॉन, २.९ प्रतीचा, तळाला त्रिकोण समूहातला ३.४ प्रतीचा अल्फा हा तारा. एप्सिलॉन मायावतीच्या पूर्वेला असल्यामुळे रात्र चढली तरी तो खाली पडत नाही.

संक्रांत जवळ आलेली. संध्याकाळी आजूबाजूच्या गच्च्यांवरून "ओ काट"च्या आरोळ्या चालू, आणि अंधार पडून पतंगवाले खाली गेल्यावरच खरं निरीक्षण सुरू झालं. चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा, त्याचा त्रास नाही.

निकाल: मध्य ८.३८. तळ ३.४. नुसत्या डोळ्याच्या कामात दहा मिनिटं इकडेतिकडे चालतात, म्हणून तीन मिनिटांचं कौतुक मी फारसं करू दिलं नाही. पण लाल पेनाची गरज त्या रात्री पडली नाही.

मधल्या काळात आणखी एक रात्र झाली होती. तिची कुणी आठवण काढत नाही, कारण तिच्यात काहीच घडलं नाही. डिसेंबरअखेरच्या सोमवारी संध्याकाळी ७.५५ ला, दोन मुख्य ग्रहणांच्या बरोबर मधे, उलट ग्रहण होतं: उजळ तारा मंद ताऱ्याला झाकतो. चंद्र पौर्णिमेकडे झुकलेला, आकाश दुधाळ. साडेसहा ते अकरा बघितलं. मायावती ढिम्म. मैत्रीण म्हणाली, "काहून बसलो आपण इथं?" माझ्या लेखी या प्रकल्पातली सर्वांत कामाची नोंद हीच.

काही न दिसण्यातून काय निघतं

कक्षा जवळपास वर्तुळाकार आहे, त्यामुळे दोन्ही ग्रहणांत आपल्याला दिसणारा सारखाच आकार झाकला जातो. पहिल्या वेळी उजळ ताऱ्याचा तेवढा तुकडा, दुसऱ्या वेळी मंद ताऱ्याचा तेवढाच तुकडा. पहिल्या वेळी ७० टक्के उजेड गेला. दुसऱ्या वेळी ०.१ प्रतीइतकाही, म्हणजे नऊ-दहा टक्केही, गेला नाही. गेला असता तर डोळ्यांना कळलं असतं. तेव्हा मंद ताऱ्याचा पृष्ठभाग, चौरस मीटरला चौरस मीटर लावून पाहिला तर, उजळ ताऱ्याच्या पृष्ठभागापेक्षा निदान सात-आठ पट फिका. पृष्ठभाग फिका म्हणजे थंड. एका निवांत सोमवारावरून दोन ताऱ्यांच्या तापमानातला फरक सिद्ध झाला, आणि तोही गच्चीवर बसून.

या उलट ग्रहणात खरोखर जो उतार पडतो तो सुमारे ०.०६ प्रतीचा. तो १९१० साली जोएल स्टेबिन्स यानं अमेरिकेत सेलेनियमचा प्रकाशमापक दुर्बिणीला लावून पकडला. डोळ्यानं तो कधीच सापडला नसता.

दुसरा धागा ग्रहणाच्या कालावधीचा. जवळपास ६९ तासांच्या फेरीत १० तास ग्रहण. कागदावर वर्तुळ काढून कोन मोजला तर निष्कर्ष निघतो की दोन्ही ताऱ्यांच्या त्रिज्यांची बेरीज त्यांच्यातल्या अंतराच्या निदान ४४ टक्के असलीच पाहिजे. आधुनिक मापनांतून ती ४६-४७ टक्के येते. म्हणजे हे दोघं अंगाला अंग घासत फिरतायत. सूर्य आणि पृथ्वीसारखं ऐसपैस अंतर इथे नाहीच.

आणि इथे डोळ्यांचं काम संपतं. हे सगळे आकडे गुणोत्तरं आहेत. किलोमीटर किती, वजन किती, हे गच्चीवरून कळत नाही. प्रकल्प-अहवालात भाचीनं इथे एक रिकामी ओळ सोडली आणि खाली लिहिलं, "यापुढचं आमचं नाही." मला ती ओळ फार आवडली.

यापुढचं, जे इतरांनी काढलं

१८८९ मध्ये पॉट्सडॅमच्या हेर्मान फोगेल यानं उजळ ताऱ्याच्या वर्णपटातल्या रेषा ग्रहणाआधी आणि ग्रहणानंतर विरुद्ध बाजूंना सरकताना पाहिल्या. तारा आधी आपल्यापासून दूर जात होता, नंतर आपल्याकडे येत होता. गुडरिकच्या दोन शक्यतांपैकी फिरणारी वस्तू जिंकली. मंद ताऱ्याच्या रेषा मात्र उजळ ताऱ्याच्या झगमगाटात इतक्या बुडालेल्या की त्या थेट मोजायला १९७८ उजाडलं. दोघांचे वेग मिळाले की वजनं मिळतात, कारण हलका तारा जास्त वेगानं फिरतो. त्यांचा वेगांचा हिशेब साधारण साडेचारास एक असा येतो.

आज मान्य असलेले आकडे असे. उजळ, निळसर तारा: वस्तुमान सूर्याच्या ३.१७ पट, त्रिज्या २.७३ पट, तापमान सुमारे १३,००० केल्व्हिन, तेज सूर्याच्या १८० पटींच्या आसपास. मंद, नारिंगी तारा: वस्तुमान सूर्याच्या फक्त ०.७० पट, त्रिज्या ३.४८ पट, तापमान ४,५०० केल्व्हिनच्या घरात. दोघांमधलं अंतर ९३ लाख किलोमीटर, सूर्य आणि बुध यांच्यातल्या सरासरी अंतराच्या सहाव्या हिश्श्याएवढं. केप्लरचा नियम लावून मुलींनी पडताळा घेतला: अंतर आणि आवर्तकाळ घातले की दोघांचं मिळून वस्तुमान ३.८७ सूर्य निघतं, आणि ३.१७ अधिक ०.७० ही तेवढंच. बेरीज जुळल्यावर तिघींच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी चाळीस वर्षांच्या शिकवण्यात फार वेळा पाहिलेलं नाही.

इतक्या दुरून हे अंतर किती दिसतं? मुंबईत ठेवलेला हरभऱ्याचा दाणा नागपुरातून जेवढा दिसेल तेवढं. तरीही कॅलिफोर्नियात माउंट विल्सनवर अनेक दुर्बिणी जोडून चालणाऱ्या चारा यंत्रणेनं दोन तारे वेगवेगळे दाखवणाऱ्या प्रतिमा मिळवल्या आहेत.

या घरात तिसराही एक आहे. सूर्याच्या १.७६ पट वस्तुमानाचा तारा, जोडीपासून बराच लांब, ६८० दिवसांत एक फेरी घालणारा. तो ग्रहणात भाग घेत नाही. पण त्याच्या ओढीनं जोडी थोडी पुढे-मागे होते आणि ग्रहणाच्या वेळा काही मिनिटांनी हलतात. तक्त्यावर शंका घेणाऱ्या भाचीला एवढं समाधान मिळालं.

मोठा कोण?

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "यातला मोठा तारा कोणता?" भाची थांबली आणि म्हणाली, "सर, मोठा कशानं?"

मराठीत हा प्रश्न चांगलाच अडकवतो, कारण आपला 'मोठा' आकारानं, वजनानं आणि वयानं असा तिन्ही अर्थांनी चालतो. घरात थोरला तोच मोठा. मायावतीत आकारानं मोठा आहे नारिंगी. वजनानं मोठा आहे निळसर, तोही साडेचार पट. वयानं दोघं जुळे. एकाच वायूच्या ढगातून एकाच वेळी जन्मलेले.

घोळ इथेच आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्यानं खगोलशास्त्रज्ञांना छळलं. तारा जितका जड तितका तो आपलं इंधन झपाट्यानं जाळतो आणि लवकर म्हातारा होतो. ३.१७ सूर्यांचा तारा तीसेक कोटी वर्षांत हायड्रोजन संपवतो. ०.७० सूर्यांच्या ताऱ्याला दोन हजार कोटींहून जास्त वर्षं लागतील, आणि विश्वाचं वयच १,३८० कोटी वर्षं. तरीही इथे फुगलेला, थंडावलेला, म्हातारपणाकडे झुकलेला आहे तो हलका तारा, आणि जड तारा अजून तारुण्यात. जुळ्या भावांत हलक्याचे केस आधी पिकले.

उत्तर १९५५ च्या सुमारास जॉन क्रॉफर्ड यानं मांडलं: आजचा हलका तारा सुरुवातीला जड होता. तो आधी म्हातारा झाला, फुगला, आणि फुगता फुगता त्याच्या हद्दीबाहेर गेला. दोन जवळच्या ताऱ्यांभोवती गुरुत्वाच्या हद्दी आठच्या आकड्यासारख्या असतात, मधे एक बारीक कंबर. एका बाजूचा वायू त्या कंबरेपर्यंत भरला की पुढचं पाणी जसं बांध ओलांडून शेजारच्या वावरात जातं तसा तो दुसऱ्याच्या अंगणात पडू लागतो. थोरल्यानं आपली जमीन धाकट्याच्या नावावर केली, फेरफार झाला, सातबारावरची नावं उलटली. पण पिकलेले केस थोरल्याचेच राहिले. धाकट्याला नवं इंधन मिळालं आणि तो पुन्हा तरणा दिसू लागला. ययातीच्या गोष्टीत तारुण्य मुलाकडून बापाकडे गेलं. इथे दिशा बरोबर उलटी, एवढाच फरक.

नारिंगी तारा आजही आपली हद्द काठोकाठ भरून आहे आणि वायूची बारीक धार अजून वाहते आहे. मुख्य हस्तांतर केव्हाच होऊन गेलं.

सरांना हे सगळं सांगून झालं तेव्हा त्यांनी अहवाल चाळला आणि विचारलं, मंगळवारच्या चुकीच्या नोंदी का ठेवल्या, काढून का टाकल्या नाहीत? तिनं उत्तर दिलं की त्या मायावतीसाठी चुकीच्या आहेत, ऱ्होसाठी बरोबर आहेत. मायावतीची प्रत आपल्याला त्या रात्री प्रत्येक मिनिटाला माहीत होती. तिच्यावरून ऱ्होची प्रत उलट काढता येते. तिनं ती काढली होती: ३.७. शेवटच्या पानावर, एका ओळीत, कुणी विचारलं नसतं तर दिसलंही नसतं.

हा हिवाळा सुरू झाला तेव्हा नवी वही आली. पहिल्या पानावर मायावती नाही, ऱ्हो आहे. त्याच्यासाठी तुलनेचे तारे तिनं या वेळी स्वतः निवडले, आणि प्रत्येकापुढे तो बदलत नाही याची खात्री कुठून केली ते लिहिलं. मला नकाशा मागितला नाही.